भाताखाली दडवलेला नाचणा

(पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही आकडे लिहिताना घातले आहेत. बाकी जसं बोललो, तसंच ठेवलंय.)



आजचा भाग इतिहासाचाच आहे. त्यात राजा नाही, पण लढाई आहे. ही लढाई रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास होते. एका बाजूला दोन-अडीच वर्षांचं पोर आणि दुसऱ्या बाजूला अख्खं घर. बहुतेक वेळा पोर जिंकतं.

गेल्या पावसाळ्यात आजऱ्याला मावशीकडे गेलो होतो. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि स्वयंपाकघरात मावशीची अडीच वर्षांची नात तोंड घट्ट मिटून बसली होती. पुढ्यात वाटीत मऊ भात. मावशीनं बोटानं भातात मधोमध खळगा केला, त्यात तांबूस-करड्या रंगाचं काहीतरी दोन चमचे ओतलं, वरून भात ओढून घेतला आणि त्यावर तूप सोडलं. सून म्हणाली, "आत्या, तिला सगळं कळतंय बघा." मावशी म्हणाली, "गप की जरा. तिचं ध्यान हाय व्हय हिकडं?"

ध्यान तिकडेच होतं. पहिला घास गेला. दुसऱ्या घासाला पोरीनं भात गिळला आणि करडा भाग जिभेनं बरोबर बाहेर ढकलला. जकात नाक्यावरचा जुना कारकूनसुद्धा इतकी नेमकी झडती घेणार नाही.

ते करडं म्हणजे नाचण्याचं सत्त्व. कोल्हापूरकडे नाचणीला नाचणा म्हणतात, मीही आज तसंच म्हणणार आहे. परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मुलांच्या जेवणात काहीतरी चांगलं लपवून घालायचं, हे आपण कधीपासून करतोय? आणि फक्त आज्याच करतात का? थोडं वाचत गेलो तसं लक्षात आलं की या खेळात आजीबरोबर सरकारही आहे, शास्त्रज्ञ आहेत आणि कंपन्याही आहेत.

आधी जागा समजून घेऊ. आजरा तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा. संकेश्वरहून आंबोलीकडे जाताना मधे लागतो. हिरण्यकेशी नदी, पलीकडे घाटमाथा. संस्थानी काळात हा भाग इचलकरंजीच्या जहागिरीत होता. खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत भात. इथला घनसाळ प्रसिद्ध आहे. दाणा लहान, वास असा की शिजत असला की शेजारच्या घरी कळतं. २०१६ मध्ये 'आजरा घनसाळ'ला भौगोलिक मानांकन मिळालं. पण डोंगराच्या उतारावर, जिथे पाणी ठरत नाही, तिथे भात येत नाही. तिथे नाचणा. १८८६ च्या इंग्रजी अमदानीतल्या कोल्हापूर गॅझेटियरमध्येसुद्धा घाटाकडच्या डोंगरी जमिनीचं पीक म्हणून त्याची नोंद आहे.

म्हणजे एकाच घरात दोन धान्यं. भात देवाला, पाहुण्याला आणि बाजाराला. नाचणा भाकरीला आणि आंबिलीला, म्हणजे शेतात राबणाऱ्यांना. पांढरं ते मानाचं, काळं ते पोटाचं. ही उतरंड कुणी पाटीवर लिहून शिकवत नाही, पण घरात वावरणारं पोर ती दुसऱ्याच वर्षी शिकतं, असं मला वाटतं. सणाला काय शिजतं, पाहुण्याच्या ताटात काय पडतं, हे ते बघत असतंच की. मग आपण त्याला नाचणा भरवायला गेलो की ते म्हणतं, नको. आपण म्हणतो, पोर खाण्याच्या बाबतीत किरकिरं आहे.

आणि गंमत बघा, ज्याला मान नाही त्यातच माल आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचण्यात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात १० च्या आसपास. लोह नाचण्यात चार-साडेचार मिलिग्रॅम, पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही.

पण इथे थांबून हिशेब करायला हवा, कारण २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचण्याबद्दल काहीही सांगितलं जातंय. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मावशीनं घातलेल्या दोन चमच्यांत पीठ धरा २० ग्रॅम. त्यातून मिळालं ७०. एक पेलाभर दूध त्याच्या तिप्पट देतं. लोहाचंही तसंच. दिवसाची गरज ८ मिलिग्रॅम, दोन चमच्यांतून एकही मिलिग्रॅम नाही, आणि त्यातलंही अंगी लागतं थोडंच. (वरून लिंबू पिळलं तर थोडं जास्त लागतं.) गुळाचं तर बोलूच नये, कोल्हापूरकरांना वाईट वाटेल. चमचाभर गुळातून जे लोह मिळतं ते नावापुरतं. गूळ घालायचा तो चवीसाठी, औषध म्हणून नव्हे.

मग आजीचं चुकलं का? नाही. तिची खरी युक्ती नाचण्यात नाही, सत्त्वात आहे. आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

मावशीला विचारलं, सत्त्व कसं करतेस? म्हणाली, "त्यात काय इचारायचं?" आणि मग अर्धा तास सांगितलं. नाचणा निवडून धुवायचा, रात्रभर भिजवायचा. सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधायचा. दीड-दोन दिवसांत मोड येतात. पावसाळ्यात उशीर लागतो, म्हणून ती फडकं चुलीच्या उबेला ठेवते. मग सावलीत वाळवायचा, हातानं चोळून मोड झाडायचे, तवा नुसता गरम करून हलकं परतायचं आणि दळायचं. "लई भाजू नगंस," ती म्हणाली. "भाजलं की पेज घट्ट हुती." मग पीठ पातळ कापडातून गाळायचं. वस्त्रगाळ म्हणतात ते हेच.

भाजलं की पेज घट्ट होते! हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण त्यामागे मोठं शास्त्र आहे.

लहान मुलाचं पोट केवढं? ढोबळ मानानं किलोमागे ३० मिलिलिटर धरतात. दहा किलोच्या मुलाचं पोट म्हणजे ३०० मिलिलिटर, दीड-दोन वाट्या. आता तांदळाची किंवा कुठल्याही पिठाची पेज करा. पिठूळ पदार्थ शिजताना पाणी पिऊन फुगतो. थोडंसंच पीठ घातलं तरी पेज घट्ट होते, पोर गिळत नाही. मग आपण पाणी वाढवतो. पोट भरतं ते पाण्यानं. पोर ढेकर देऊन खेळायला जातं आणि अंगी काही लागत नाही. 'खातंय तर चांगलं, पण भरत नाही' असं म्हणतात ना, त्यातल्या कित्येक मुलांची गोष्ट इथेच असते.

मोड आलेल्या दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं. दाण्याला स्वतःच्या कोंबासाठी ते हवं असतं. हे विकर पिठाच्या लांब साखळ्या तोडतं, त्यामुळे पेज पातळ राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत, तेवढ्याच पातळपणात, आपण जवळजवळ दुप्पट पीठ बसवू शकतो. जास्त भाजलं तर विकर मरतं आणि पेज पुन्हा घट्ट. शिवाय मोड आणल्यानं धान्यातलं फायटेट कमी होतं, त्यामुळे लोह-कॅल्शियम थोडं अधिक शोषलं जातं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं यावर काम केलं. मोड आणलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ घट्ट पेजेत टाकलं की ती बघता बघता ओतण्याजोगी होते, हे त्यांनी प्रयोगशाळेत आणि प्रत्यक्ष मुलांना भरवून दाखवलं. जगभरच्या पोषणतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. मावशीच्या फडक्यात ते कधीपासून बांधलेलं होतं, याची नोंद कोण ठेवणार?

सत्त्वाची दुसरीही एक तऱ्हा आहे. भिजवलेला नाचणा वाटून, कापडातून पिळून, खाली बसलेला साका वाळवायचा. ते पचायला हलकं, रंगानंही उजळ, त्यामुळे पोरांना फसवायला सोपं. पण नाचण्याचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं, आणि साल तर आपण चोथ्याबरोबर टाकतो. वर्षाच्या पुढच्या मुलाला माझं मत पहिल्या तऱ्हेला.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. २००७ मध्ये अमेरिकेत एकाच वर्षी दोन पुस्तकं आली, दोन्हींचा विषय मुलांच्या जेवणात भाज्या कशा लपवायच्या. केकमध्ये पालक, चीजमध्ये फ्लॉवर. एक लेखिका दुसरीवर कल्पना चोरल्याचा आरोप करत कोर्टात गेली आणि कोर्टानं सांगितलं की भाजी लपवणं ही काही कुणाची मालकीची कल्पना नाही. आपल्याकडच्या आज्यांना हे कळलं असतं तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. पुढे २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटानं तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. नेहमीच्या पदार्थांत भाज्यांचा लगदा मिसळला. मुलांच्या पोटात जवळजवळ दुप्पट भाजी गेली आणि त्यांना फारसं कळलंही नाही.

पण त्या प्रयोगाचा हेतू काय होता माहितीय? मुलांच्या पोटातली ऊर्जा कमी करणं! लठ्ठपणा टाळायला. तिथे भाजी लपवतात ती घास हलका करायला. आजऱ्यात सत्त्व लपवतात ते घास जड करायला. लपवणं तेच, गरज बरोबर उलटी. म्हणून मोबाईलवर बघून दुधीचा लगदा भातात मिसळणाऱ्या नव्या आयांना मला हळूच सांगावंसं वाटतं की आपलं पोर बारीक असेल तर आधी तूप आणि दाण्याचं कूट बघा. चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात. आजरा तर काजूचा तालुका. काजू वाटून घाला. अख्खा देऊ नका, चार-पाच वर्षांपर्यंत दाणा घशात अडकायची भीती खरी असते.

असो. आता दुसरा लपवणारा, सरकार.

विसाव्या शतकाच्या मध्यात साऱ्या जगाला एका शब्दानं झपाटलं होतं, प्रथिनं. सुरुवात १९३० च्या दशकात आफ्रिकेतून झाली. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी अंगावरून तुटलेल्या मुलांचा एक आजार नोंदवला, क्वाशिओरकोर. पाठचं भावंडं आलं की आधीच्याला होतो तो आजार, असा त्या शब्दाचा तिथल्या भाषेतला अर्थ. पुढे सगळ्यांनी ठरवलं की गरीब मुलांना कमी पडतात ती प्रथिनं. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 'प्रथिनांचं संकट' टाळण्यासाठी अहवालच काढला. मग सुरू झाली लपवालपवी. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेनं शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ आणि हरभऱ्याचं पीठ मिसळून 'मल्टिपर्पज फूड' केलं. 'बाल आहार' आला. सरकारी पावात लायसिन आणि जीवनसत्त्वं मिसळली. वनस्पती तुपात 'अ' जीवनसत्त्व घालणं १९५० च्या दशकातच सक्तीचं झालं होतं, म्हणजे डालड्यातून ते आपल्या आजोबांच्याही पोटात गेलंय, त्यांना न सांगता.

या गदारोळात एक माणूस आकडे घेऊन उभा राहिला आणि तो आपला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. मोठे संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न आणि शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे जवळपास वीस वर्षं प्रमुख, नंतर पुण्यात. त्यांनी १९७० मध्ये भारतातल्या आहाराचे आकडे मांडून दाखवलं की ज्याला भाकरी-डाळ पोटभर मिळते त्याला प्रथिनंही पुरेशी मिळतात. ज्याला प्रथिनं कमी पडतात, त्याला मुळात अन्नच कमी पडतं. वेगळी प्रथिनांची भुकटी घालून काही होणार नाही, ताटात जास्त वाढा. हैदराबादला सी. गोपालन यांचं म्हणणंही याच वळणाचं होतं. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी या सगळ्या प्रथिन-प्रकरणाला फजिती म्हणूनच टाकलं. सुखात्म्यांच्या पुढच्या काही मतांवरून पुण्यातच मोठे वाद झाले, तो वेगळ्या भागाचा विषय. पण या एका बाबतीत बुधचा माणूस आणि आजऱ्याची आजी एकाच बाजूला होते. दोघांचं म्हणणं एकच, वाटीत जास्त माल बसवा.

याच सुमारास महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. आजरा पावसाचा मुलूख, पण मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे, सांगलीच्या पूर्व भागात त्या पिढीच्या कुणालाही 'सुकडी' म्हणा, डोळे चमकतात. कामावर आणि शाळेत वाटली जाणारी ती गोडसर, भुरभुरीत सुकडी. पोरं खिशात भरून न्यायची. सरकारनं त्यात पोषण घातलं होतं, पण ते कुणापासून लपवलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं की ही खाऊन दिवस निघतो. आणि ती चवीला चांगली होती. सरकारी पोषणाच्या इतिहासात पोरांनी मागून खाल्लेला असा पदार्थ मला तरी दुसरा आठवत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. हा शब्द मराठी माणसाला परका नाही. बोर्डीला १९४५ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गरिबांच्या मुलांसाठी बालवाडी चालवत होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. म्हणून अंगणवाडी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नंतर सरकारनं शब्द घेतला आणि अंगण कुठेतरी सुटलं.

सहा महिने ते तीन वर्षं या वयाच्या मुलांना घरी न्यायचा शिधा देतात. महाराष्ट्रात मधली बरीच वर्षं तो पाकिटांत यायचा. शिरा, उपमा आणि सुकडी यांची तयार मिश्रणं, पाणी घालून शिजवायची. आत काय काय घातलंय ते पाकिटावर बारीक अक्षरांत. मुलं थुंकायची. पाकिटं जनावरांपुढे जायची, हे बातम्यांतही आलं आणि गावोगाव सगळ्यांना माहीत होतं. मावशीच्या सुनेचा किस्सा सांगतो, गाव तिच्या माहेरचं. "भाऊजी, आमच्याकडं त्यो उपमा म्हस खायची. म्हशीचं दूध पोरं प्यायची. पोचलंच की शेवटी पोरांपातुर!" हसलो खरा, पण यातला खर्चाचा हिशेब हसण्यासारखा नाही. कंत्राटदारांना या कामात घेऊ नका असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच बजावलं होतं, आणि महाराष्ट्रातली या पुरवठ्याची कंत्राटं २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं रद्द केली. कारणं कायद्याची होती. पण म्हशीनं निकाल आधीच दिला होता.

आता अगदी अलीकडची लपवालपवी, आणि ती आजऱ्यासारख्या भाताच्या मुलखात जास्तच बोचणारी. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी जाहीर केलं की रेशन, शाळा, अंगणवाडी सगळीकडे पोषणयुक्त तांदूळ मिळेल. करतात काय, तर तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि ते शंभर किलो तांदळात एक किलो मिसळतात. सरकारचीही बाजू ऐकायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. शंभरातली एकोणसत्तर! अशा वेळी कुणालाही वाटेल की मिठात आयोडिन घातलं तसं तांदळात लोह घालू, लोकांना सवय बदलायला नको, चव बदलायला नको.

पण मीठ पाण्यात विरघळतं. तांदूळ बायका निवडतात. आजऱ्याच्या बायका तर तांदूळ वासावरून ओळखणाऱ्या. त्यांच्या सुपात हा वेगळ्याच पिवळट रंगाचा, हलका, धुताना कधी कधी वर तरंगणारा दाणा आला. त्यांनी काय केलं असेल? वेचून फेकला. राज्यभर बोभाटा झाला, रेशनवर प्लास्टिकचा तांदूळ देतात म्हणून. मावशीनंही एक डबी भरून ते दाणे बाजूला काढून ठेवले होते, पुरावा म्हणून! मी सांगितलं, अगं, यातच औषध होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग सांगाया काय झालं हुतं?"

बघा, नात ताटातला करडा भाग जिभेनं बाहेर काढते आणि आजी सुपातला पिवळट दाणा बोटानं. दोघींचं काम एकच. अनोळखी वस्तू तोंडात जाऊ द्यायची नाही. आजीनं नातीपासून लपवलं तरी चाललं, कारण आजीला ठाऊक होतं आत काय आहे, किती आहे, पोरीला काय सोसतं. एक दिवस नाही खाल्लं तर दुसऱ्या दिवशी आंबोळीत घालायची. सरकारनं मात्र आजीपासूनच लपवलं.

तिसरा लपवणारा म्हणजे बाळांच्या डबाबंद आहाराच्या कंपन्या. इथे फार वेळ घालवत नाही. १९९२ मध्ये आपल्याकडे कायदा झाला आणि बाळाच्या दुधाच्या व खाण्याच्या डब्यांची जाहिरात बंद झाली. तरी डबे घरोघरी आहेतच. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेनं अहवाल काढला. नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये भारतात वरून साखर घातलेली असते आणि युरोपच्या बाजारात त्याच प्रकारच्या आहारात नसते, असं त्यात होतं. बराच गाजावाजा झाला, नंतर कंपनीनं इथेही साखर न घातलेले प्रकार आणले. मला त्यातली चलाखी महत्त्वाची वाटते. पोर किरकिर न करता मटामट खातं, आई खूश. आई पोषण लपवून देत असते आणि तिच्या नकळत तिलाच गोडी लपवून दिलेली असते. त्या गोडीला सरावलेली जीभ मग नाचण्याकडे कशाला वळेल?

किरकिऱ्या मुलांबद्दल एक जुना प्रयोग सांगायचा राहिला. १९२६ पासून अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरीणबाईंनी पंधरा मुलं, नुकती अंगावरून तुटलेली, कित्येक महिने आपल्या मर्जीनं जेवू दिली. तीसेक पदार्थ पुढे ठेवायचे आणि कुणी आग्रह करायचा नाही, नाक मुरडायचं नाही, कौतुकही नाही. प्रत्येकानं वेगळंच काहीतरी खाल्लं, आणि सगळी मुलं धष्टपुष्ट निघाली. 'पोराला स्वतःची गरज कळते' असं म्हणत लोक हा प्रयोग अजून सांगतात. डेव्हिसबाईंनी मात्र स्वतःच स्पष्ट केलं होतं की युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्यात साखर नव्हती, पॉलिश केलेलं धान्य नव्हतं. पोर काहीही निवडो, निवड चांगलीच होणार. निवडायचं पोरानं, पण यादी करायची मोठ्यांनी. आणि एक नवा पदार्थ मूल स्वीकारायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलंय. आपण तिसऱ्या दिवशी हात टेकतो.

परत आजऱ्याला येऊ. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मावसोबा उशिरा शेतातून आले. भिजून चिंब. त्यांच्या ताटात नाचण्याची भाकरी, लोणी, हिरव्या मिरचीचा खर्डा. नात जाऊन मांडीवर बसली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आपले जेवत राहिले. दोन मिनिटांनी तिनं भाकरीचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि तोंडात टाकला. तोच नाचणा, मघाशी जिभेनं हाकलून दिलेला! मावशी दारातून बघत होती. म्हटलं, आता बोलेल काहीतरी. ती बोलली नाही. सुनेनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

पोरीनं दुसरा तुकडा मोडला. तो मांजराला दिला. तिसरा खाल्ला.

निघताना मावशीनं सत्त्वाचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा इथून गाडीनं लालबाग-परळला असेच डबे जायचे, गावाकडच्या नातवंडांसाठी नाही, तिकडे जन्मलेल्यांसाठी. माझ्याकडे भरवायला लहान पोर नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मग तू खा की. तूबी कुठं धड जेवतोस?"

तेव्हा सध्या रोज सकाळी मीच पितोय. ताकात, मीठ-जिरं घालून. रंगाला करडंच आहे.

भेटू पुढच्या भागात.